मोबाईलमधलं पाकीट, बारा शब्द आणि आपल्या गटाच्या सह्या

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आर्थिक साक्षरतेच्या सत्रात झालेल्या बोलण्याचा हा मजकूर. ज्या ताईंना सभेला येता आलं नाही, त्यांनी आपल्या गटाच्या बैठकीत तो वाचून घ्यावा.)



आज विषय जरा नवा आहे, क्रिप्टोचं वॉलेट. काही जणी म्हणतील, आपला काय संबंध? संबंध आहे. कुणाचा मुलगा घरी बसून परदेशातल्या माणसाचं कॉम्प्युटरचं काम करतो आणि मोबदला यूएसडीटी नावाच्या कॉइनमध्ये घेतो. कुणाच्या मोबाईलमध्ये भाच्याने ॲप टाकून दिलंय. आणि कुणी येऊन सांगतंय, "गटाचे पैसे बँकेत नुसते पडून आहेत, कॉइनमध्ये टाका, दुप्पट होतील."

कॉइन घ्या असं सांगायला मी आलेली नाही. पण ज्या घरात हे पाकीट आहे, त्या घरच्या बाईला ते कळलंच पाहिजे. नुकसान झालं तर कर्जाचा हप्ता शेवटी तिलाच फेडावा लागतो.

पाकिटात पैसे नसतात, किल्ली असते

आपल्या गटाचा हिशेब सगळ्यांसमोर वहीत लिहिला जातो. कॉइनचीही अशीच वही असते, फक्त ती जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरवर एकाच वेळी लिहिली जाते. तिला ब्लॉकचेन म्हणतात, थोडक्यात चेन. बिटकॉइनची चेन वेगळी, इथेरियमची वेगळी, ट्रॉनची वेगळी, सोलानाची वेगळी. एकाच ॲपमधून अशा अनेक चेनचे व्यवहार करता येतात, त्याला मल्टी-चेन वॉलेट म्हणतात.

आता नीट ऐका. कॉइन मोबाईलमध्ये नसतं, त्याची नोंद त्या वहीत असते. मोबाईलमध्ये असते ती किल्ली. वॉलेट उघडताना ॲप १२ इंग्रजी शब्द दाखवतं, कधी २४. साधेच शब्द असतात, २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले. पण त्यांचा क्रम महत्त्वाचा. हे बारा शब्द म्हणजेच किल्ली, आणि सगळ्या चेनना मिळून ती एकच.

मोबाईल हरवला तरी शब्द जवळ असले तर दुसऱ्या मोबाईलवर सगळं परत मिळतं. मोबाईलही गेला आणि शब्दही गेले, तर कुणीच काही करू शकत नाही. आणि शब्द दुसऱ्याच्या हातात पडले, तर तो कुठेही बसून पाकीट रिकामं करतो. त्याला तुमचा मोबाईल लागत नाही, ओटीपी लागत नाही, तुमचं बोट लागत नाही.

बँकेत जे आहे, ते इथे नाही

आपल्या गटाच्या खात्यातून पैसे काढायचे तर आधी बैठक, मग ठराव, मग पदाधिकाऱ्यांच्या सह्या. एकटी बाई मनात आलं म्हणून पैसे काढू शकत नाही. बँक बुडाली तर त्या बँकेतल्या ठेवीवर ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे. खात्याला वारसाचं नाव लावता येतं. चूक झाली तर अर्ज द्यायला शाखा आहे.

अशा साध्या वॉलेटला सह्या नाहीत, विमा नाही, वारसाचा रकाना नाही, शाखा नाही. पाठवलेलं परत मागायची सोय नाही. ज्याच्याकडे शब्द, त्याचा पैसा.

पुण्याचंच उदाहरण सांगते. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत दरमहा १० टक्के, तेही १८ महिने, असं आमिष दाखवलं होतं. लोक बुडाले, गुन्हे दाखल झाले, २०१८ मध्ये मुख्य सूत्रधाराला अटक झाली. तपासात पोलिसांनी दोन तज्ज्ञ मदतीला घेतले होते. २०२२ मध्ये पोलिसांनी त्या दोघांनाच अटक केली. आरोप असा की आरोपींच्या वॉलेटमधलं कॉइन त्यांनी परस्पर वळवलं. पोलिसांच्या तपासात असे आरोप होत असतील, तर आपण किल्ली किती जपायला हवी, याचा विचार करा.

शब्द कसे जपायचे

कागदावर स्वच्छ अक्षरात, क्रमांक घालून लिहा. दोन प्रती करा, दोन वेगळ्या जागी ठेवा. सातबारा आणि दागिन्यांच्या पावत्या जिथे जपता, तिथे ठेवा.

फोटो काढू नका. मोबाईलमधला फोटो आपोआप इंटरनेटवर साठवला जातो, आणि आपला मोबाईल मुलंही हाताळतात. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवू नका. दुधाचा हिशेब लिहितो त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर तर मुळीच नको.

"कंपनीतून बोलतोय, व्हेरिफिकेशनसाठी शब्द सांगा," असा फोन आला की तो चोरच समजा. ज्याने ॲप बनवलं त्यालाही हे शब्द लागत नाहीत. शब्द टाकायची वेळ एकदाच येते, नव्या मोबाईलवर आपलंच पाकीट परत उघडताना.

आणि एक बोलायला अवघड गोष्ट. घरधन्याचं किंवा मुलाचं असं पाकीट असेल तर विचारा, "शब्द कुठे ठेवलेत?" शब्द काय आहेत ते विचारू नका, कागद कुठे आहे तेवढं विचारा. उद्या त्या माणसाला काही झालं, तर बँकेतले पैसे मृत्यूचा दाखला दाखवून मिळतात. पाकिटातले मिळत नाहीत. ते विचारणं म्हणजे संशय घेणं नव्हे. विम्याचा कागद कुठे आहे हे विचारतो, तसंच हे.

पाठवताना तीन वेळा बघा

पहिलं, चेन बघा. यूएसडीटी एकच दिसलं तरी ते इथेरियमवर असतं, ट्रॉनवरही असतं. घेणाऱ्याने ट्रॉन सांगितलं असेल तर ट्रॉनच निवडा. ज्या एक्स्चेंजवर पाठवताय, त्यांच्याकडे ती चेन नसेल तर पैसे अडकतात. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी टी अक्षराने सुरू होतो. इथेरियमचा पत्ता शून्य आणि एक्सने सुरू होतो. पण पॉलिगॉन आणि बीएनबी चेनवरही तसाच पत्ता चालतो, म्हणून नुसता पत्ता बघून चेन ओळखू नका. समोरच्याला विचारा.

दुसरं, पूर्ण पत्ता बघा. जुन्या व्यवहारांच्या यादीतून पत्ता उचलू नका. चोर मुद्दाम, पुढची-मागची अक्षरं सारखी दिसतील असा पत्ता बनवतात आणि त्यावरून किरकोळ रक्कम पाठवून यादीत घुसतात. मधली अक्षरंही वाचा. तांदूळ निवडताना खडा बघतो ना, तसं.

तिसरं, आधी थोडे पाठवा. पोचल्याचा निरोप आला की मग बाकीचे. दोनदा फी जाईल, पण सगळी रक्कम जाणार नाही. ही फी त्या त्या चेनच्या स्वतःच्या कॉइनमध्ये द्यावी लागते. ट्रॉनवरचं यूएसडीटी पाठवायचं तर सहसा जवळ थोडं ट्रॉन कॉइन लागतं.

अनोळखी लिंकवर गेलं की "वॉलेट जोडा", मग "मंजूर करा" असं बटण येतं. ते बटण म्हणजे कोऱ्या चेकवर सही. एकदा मंजुरी दिली की समोरचा ते कॉइन पुढेही काढू शकतो. पाकिटात आपोआप फुकटचं कॉइन आलेलं दिसलं, तर त्यावर बोटही लावू नका.

दोन सापळे

एक. कुणी भोळेपणाने विचारल्यासारखं करून आपले बारा शब्दच तुम्हाला पाठवतो. "माझ्या पाकिटात यूएसडीटी आहे, काढायचं कसं?" आपण उघडून बघतो तर खरंच रक्कम दिसते. काढायला फी हवी म्हणून आपण थोडं ट्रॉन कॉइन टाकतो, आणि ते क्षणात गायब होतं. सापळा त्या फीसाठीच लावलेला असतो.

दोन. हा जास्त घातक. "ताई, तुमच्या खात्यावर पैसे येतील. थोडे ठेवा, बाकीचं कॉइन घेऊन पाठवा." ते पैसे बहुतेक वेळा कुणाला तरी फसवून आणलेले असतात. मग पोलीस तुमचं खातं गोठवतात. लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये अडकतात, मुलीच्या शिष्यवृत्तीचेही अडकतात, आणि चौकीची पायरी चढावी लागते. खातं, एटीएम कार्ड, सिम कुणालाही वापरायला देऊ नका, नात्यातल्या माणसालाही नाही.

कायदा काय म्हणतो

भारतात कॉइन हे अधिकृत चलन नाही. रिझर्व्ह बँक २०१३ पासून लोकांना सावध करत आली आहे. रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया वेगळा, त्याच्याशी याची गल्लत करू नका. कॉइन बाळगणं गुन्हा नाही, पण नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. एक्स्चेंजला केंद्राच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते. पोरांना विचारा, तुझं एक्स्चेंज नोंदलेलं आहे का?

गटाने काय करायचं

माझी विनंती आहे, येत्या बैठकीत साधा ठराव घ्या. गटाची बचत, फिरता निधी, समुदाय गुंतवणूक निधी यातला एक रुपयाही कॉइनमध्ये जाणार नाही. शेळीसाठी घेतलेलं कर्ज शेळीलाच लागेल. कुणी "दरमहा इतके टक्के" सांगत गावात आलं, तर त्याला कुणाच्या घरी न बसवता ग्रामसंघाच्या बैठकीत बोलवायचं आणि सगळ्यांसमोर विचारायचं.

फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा. बँकेतून गेलेले पैसे लवकर कळवलं तर अडवता येतात, कॉइन झाल्यावर फार अवघड होतं. सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार करता येते. मेसेज, नंबर, पावत्या पुसू नका, तोच पुरावा. शब्द फुटले असतील तर नवं पाकीट, नवे शब्द, आणि उरलेलं लगेच तिकडे हलवा. आणि ज्या ताईचे गेले, तिला गटात टोमणे मारू नका. टोमण्याच्या भीतीने पुढची ताई सांगायलाच येणार नाही.

आपला गट दर बैठकीला दहा-वीस रुपये टाकत इथवर आला. वहीत सगळ्यांसमोर लिहायचं आणि सही एकटीने करायची नाही, या दोन सवयींनी तो टिकला. मोबाईलमधल्या पाकिटाला या सवयी नाहीत, म्हणून त्या आपल्याला ठेवायच्या आहेत. काही शंका असेल तर "पाठवा" दाबायच्या आधी विचारा. त्यानंतर विचारून उपयोग नसतो.