घराला कुलूप, अंगणात तरवड

आजचा भाग फुलांचा आहे. नर्सरीतल्या नाही, बांधावरच्या.

आमचं गाव पाटोदा तालुक्यात. आई-अण्णा ऊसतोडीला जातात. दिवाळीच्या आसपास घराला कुलूप लागतं, ते पाडव्याच्या मागंपुढं उघडतं. मी शिकायला बीडला. आईला फुलांची भारी हौस. दर पावसाळ्यात गुलाब, शेवंती लावायची आणि परत आल्यावर वाळलेल्या काड्या उपटून चुलीत घालायची. बोलायची काहीच नाही. तेच जास्त लागायचं.

मग मी ऑनलाइन ‘रानफुलांचं बी’ मागवलं. उगवला काय, तर पिवळा कॉसमॉस! मूळचा मेक्सिकोचा, आणि मोकळा सुटला की आपल्या रानफुलांची जागा खाणारा. आईनं विचारलं, “हे कुठल्या रानातलं रे?”

खरं उत्तर आमच्याच बांधावर होतं. तरवड. पिवळीधमक फुलं, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, मुरमाड जमीन चालते. तेलंगणाचं हे राज्यफूल आहे. आपल्याकडं मात्र बांध कोरायला आलेला जेसीबी आधी यालाच उपटतो.

संक्रांतीला गावी गेलो तेव्हा वाळलेल्या शेंगा गोळा केल्या. जूनमध्ये अंगणात 30 बिया टोकल्या. उगवल्या फक्त 3. म्हटलं, बी खराब निघालं. अण्णा हसले. “आपण पहिल्या पावसाला भुलतो, मग दुबार पेरणी करतो. हे बी भुलत नाही.”

मंडळी, बीड पर्जन्यछायेत. एक सर येते, मग तीन-तीन आठवडे आभाळ कोरडं. सगळ्या बिया एकदम उगवल्या तर एकाच खंडात सगळं संपलं. म्हणून तरवडाच्या बीचं कवच इतकं टणक, की पाणी लवकर आत शिरत नाही. काही बिया यंदा उगवतात, काही पुढच्या वर्षी. खरंच, पुढच्या जूनमध्ये काहीही न पेरता त्याच जागी आणखी 5 रोपं वर आली!

घाई असेल तर युक्ती सांगतो. बी एका बाजूनं पॉलिश पेपरवर हलकं घासा, नाहीतर कढत पाणी ओतून रात्रभर भिजू द्या. सकाळी फुगलेल्या बिया पेरा, न फुगलेल्यांना परत तेच करा. बी जाडीच्या दुप्पट खोल टोका, तेही थेट जमिनीत. सोटमूळ खोल जातं, नंतर रोप हलवलं की रुसतं. खत नको. पानांवर अळ्या दिसल्या तर औषध मारू नका, त्यांचीच पुढं फुलपाखरं होतात.

सोबत कुर्डू लावा. बी बारीक, काळं, चकचकीत. वाळूत मिसळून भुरभुरा, वर मातीचा पातळ थर पुरे. फक्त शेतात जाऊ देऊ नका, तिथं ते तण ठरतं. बांधावरची कळलावी दिसायला देखणी, पण कंदापासून बीपर्यंत विषारी. घरात लहान लेकरू असेल तर नकोच.

बी घेताना थोडंच घ्या, बाकी झाडाखाली पडू द्या. नायगाव मयूर अभयारण्यातून तर काहीच उचलायचं नाही, तो गुन्हा आहे. बी कागदी पुडीत ठेवा, वर गाव आणि तारीख लिहा.

यंदा पाडव्याला कुलूप उघडलं. सहा महिने पाण्याचा थेंब नाही, तरी तरवड हिरवागार, वर चार फुलं. आई डोक्यावरचं बोचकं न उतरवताच बघत राहिली. म्हणाली, “हे बरंय. याला आपली वाट बघावी लागत नाही.”

तुमच्या बांधावर काय फुलतं, त्याचा फोटो पाठवा. आणि जेसीबी यायच्या आधी मूठभर बी घरी आणा. भेटू पुढच्या भागात!