पंच्याहत्तरीतलं पहिलं पुस्तक

(आमच्या सामुदायिक रेडिओवरच्या 'दुपारच्या गप्पा' या कार्यक्रमातलं भाषण)

भांडी आवरून, जनावरांना पाणी दाखवून बसला असाल तर ऐका. हात कामात असतील तरी हरकत नाही, काम करता करता ऐका.

आज आपण पोर्तुगीज भाषेत लिहिणाऱ्या बायकांबद्दल बोलणार आहोत. मागच्या आठवड्यात गटाच्या बैठकीत हा विषय काढला, तर एक ताई लगेच म्हणाल्या, "तिकडच्या भाषेचं आपल्याला काय?" तर बायांनो, सकाळपासून आपण ती भाषा किती वेळा बोललो ते मोजा. बादली उचलली, ती पोर्तुगीज. चावी शोधली, तीही. घमेलं, पिंप, मुलीच्या केसांची फीत, पगार, पाव, बटाटा, कोबी, काजू, हे सगळे शब्द त्या लोकांबरोबर आले. 1510 साली त्यांनी गोवा घेतला आणि 1961 पर्यंत ते तिथे होते. साडेचारशे वर्षांत त्यांचे शब्द किनाऱ्यावरून घाट चढून आपल्या चुलीपाशी येऊन बसले. त्यांचा सगळ्यांत मोठा मानला जाणारा कवी, लुईस द कामोइंश, तोही 1553 साली गोव्यात आला होता. पण आज त्याचं नको. राजेरजवाडे आणि जहाजं यांच्यावर लिहिणाऱ्यांची नावं शाळेत शिकवली जातात. आपण आज चुलीपाशी बसून लिहिणारीकडे जाऊ.

पोर्तुगीज भाषा आज सर्वांत जास्त बोलली जाते ती पोर्तुगालमध्ये नाही, ब्राझीलमध्ये. तिथे आतल्या भागात गोयास नावाचं राज्य आहे. नाव ऐकून आपलं गोंय आठवेल, पण हे वेगळं. समुद्र तिथून फार लांब. गोयास नावाचंच एक जुनं गाव आहे, सोन्याच्या खाणींमुळे वसलेलं. सोनं संपलं आणि गाव मागे पडलं. दगडी बोळ, मध्ये लाल नदी, म्हणजे नावच तिचं तसं, आणि पुलाच्या कडेला एक जुनं घर. त्या घरात 20 ऑगस्ट 1889 रोजी आना नावाची मुलगी जन्मली. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

वडील न्यायाधीश होते, पण ती जन्मली आणि थोड्याच दिवसांत ते वारले. आईच्या चार मुली, आणि त्या चौघींत आनाला सगळ्यांत कमी मान. दिसायला साधी, पायात जोर नाही, सारखी पडायची. आपल्याकडे अशा मुलीला काय म्हणतात ते सांगायला नको. शाळा झाली ती एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी, तेवढीच, प्राथमिक. पण चौदाव्या वर्षापासून ती लिहायला लागली.

लिहिण्यासाठी तिने नाव बदललं. गावाची देवी म्हणा, रक्षणकर्ती म्हणा, ती संत आना. त्यामुळे गावात आना नावाच्या मुली पायलीला पन्नास. आपण लिहिलेलं दुसऱ्याच आनाच्या नावावर जाऊ नये म्हणून ती झाली कोरा कोरालिना. आम्हाला हे फार आवडलं. मुलगी लाजून नाव लपवत नव्हती. आपलं श्रेय दुसरीकडे जाऊ नये हा तिचा हिशेब होता.

1911 साली, बाविसाव्या वर्षी, ती एका वकिलाबरोबर गाव सोडून गेली. तो वयाने मोठा, आणि त्याचं आधीच लग्न झालेलं. ब्राझीलमध्ये घटस्फोटाचा कायदा आला 1977 साली, म्हणजे तेव्हा दुसरं लग्न शक्यच नव्हतं. गावात काय बोललं गेलं असेल याची कल्पना तुम्ही करू शकता. पुढची पंचेचाळीस वर्षं ती परमुलखात, साओ पाउलो राज्यात राहिली. सहा मुलं झाली, त्यांतली दोन लहानपणीच गेली. वर्तमानपत्रांत अधूनमधून ती लिहायची, पण पुस्तक झालं नाही. 1934 साली नवरा गेला. मग तिने खाणावळीसारखं घर चालवलं, दारोदार पुस्तकं विकली, कापडाच्या तुकड्यांचं दुकान टाकलं, मुलांना हातापायावर उभं केलं.

इथे आमच्या बैठकीत वाद झाला. एक आजी म्हणाल्या, "म्हणजे नवरा जावा लागतो होय लिहायला?" सगळ्या हसल्या, पण नंतर कोणी बोलेना. आम्हाला वाटतं, गोष्ट तेवढी सोपी नाही. नवरा गेल्यावरही तिला तीस वर्षं पुस्तक काढता आलं नाही, कारण पोट होतं, पोरं होती. वेळ कोणी एकट्याने अडवून धरलेला नसतो. तो अनेकांनी थोडा थोडा नेलेला असतो, आणि मागायचा कोणाकडे हेच कळत नाही.

1956 साली, साठी उलटल्यावर, कोरा एकटी गोयासला परत आली, त्याच पुलाजवळच्या घरात. पोटासाठी तिने काय केलं? गोड पदार्थ करून विकले. अंजीर, संत्रं अशी फळं साखरेच्या पाकात शिजवायची, मुरवायची, वाळवायची. आपला पेठा असतो ना, बाहेरून साखरेची कड आणि आत ओलसर, तशा जातीचं. तांब्याची मोठी भांडी, लाकडाची चूल, आणि पाक किती तारी झाला हे बघणारी नजर. पाकाजवळून उठता येत नाही हे ज्यांनी दिवाळीत लाडू केलेत त्यांना ठाऊक आहे. ही बाई चुलीपाशी उभी राहून कविता जुळवायची आणि मग कागदावर उतरवायची. सत्तराव्या वर्षी टंकलेखन शिकली, कारण हाताने लिहिलेला कागद प्रकाशक वाचत नाहीत. लोक तिच्याकडे मिठाई घ्यायला यायचे आणि कविता ऐकून जायचे. स्वतःला ती आधी मिठाईवाली म्हणवायची, मग लेखिका. यात नम्रतेचा आव नव्हता असं आमचं मत. चांगली मिठाई करणं ही तिच्या लेखी मोठीच गोष्ट होती.

1965 साली तिचं पहिलं पुस्तक आलं. गोयासच्या बोळांच्या कविता. वय 75.

आता या कवितांमध्ये आहे काय? बोळ आहेत. मुख्य रस्ता नाही, देवळाचा चौक नाही. जिथे सांडपाणी जातं, जिथे कोंबड्या उकरतात, जिथून गरिबांची ये-जा असते, ते बोळ. एका कवितेत ती सांगते की माझ्या आत अनेक बायका राहतात. चुलीपाशी बसून दृष्ट काढणारी म्हातारी आहे. नदीवर धुणं धुणारी आहे, डोक्यावर चुंबळ घेतलेली. हो, चुंबळच, कापडाचं गोल वेटोळं, आपल्यासारखंच. स्वयंपाकीण आहे, कष्टकरीण आहे, शेतावरची बहुप्रसवा बाई आहे, आणि गाव जिला वाईट म्हणतं ती बाजारात बसणारी बाईही आहे. शेवटच्या या बाईला तिने बाहेर ठेवलं नाही, बहिणीसारखी शेजारी बसवली. स्वतः गावाची बोलणी खाऊन गेलेली होती, म्हणून तिला ते जमलं असेल.

दुसरी एक कविता मक्याची आहे. त्यात मका स्वतः बोलतो. तो म्हणतो काय, तर मी गव्हासारखा मानाचा नाही. देवाच्या वेदीवर जातो तो गहू. मी परसात उगवतो, गरिबाच्या आणि गुलामाच्या ताटात जातो, कोंबड्यांना आणि बैलांना पुरतो. ज्या घरांत गहू सणाला आणि ज्वारी-बाजरी रोजला असायची त्या घरांत ही कविता समजावून सांगावी लागत नाही. बैठकीत आम्ही तिचा अर्थ सांगितला तेव्हा एक जण म्हणाली, "आमची नाचणी बोलली असती तर हेच बोलली असती."

आणि एक कविता ताटलीची. पणजीकडे निळ्या नक्षीचं एक ताट होतं, ब्याण्णव नगांच्या जुन्या संचातलं उरलेलं शेवटचं. घरात कोणालाही हात लावायला बंदी. एक दिवस ते फुटलेलं सापडलं. कोणी फोडलं कोणाला माहीत नाही, पण आळ कोणावर आला असेल? आनावर. शिक्षा म्हणून त्याचा एक तुकडा दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात बांधला. पोर तो मिरवत फिरली. म्हातारपणी तिने हे लिहिलं तेव्हा सूर रडका नव्हता, घरातल्या माणसांवर सूडही नव्हता. फक्त तो तुकडा कसा गळ्याला लागायचा ते सांगितलं. चांदीच्या भांड्यांची गोष्ट सांगणारे खूप असतात, गळ्यातल्या काचेची गोष्ट जिच्या गळ्यात ती होती तिनेच सांगावी लागते.

1980 साली ब्राझीलचा मोठा कवी कार्लुस द्रुमोंद द आंद्राद याने वर्तमानपत्रात लिहिलं की गोयासमधली सर्वांत महत्त्वाची व्यक्ती कोण, तर ही म्हातारी, राज्याच्या प्रमुखापेक्षाही मोठी. मग सगळा देश वळून पाहू लागला. 1983 साली विद्यापीठाने मानद पदवी दिली. 10 एप्रिल 1985 रोजी ती गेली, वय 95.

तुम्ही म्हणाल, हिचं घर तरी होतं. ज्यांना घरच नाही त्यांचं काय? म्हणून कारोलिना मारिया द जेझुसचं नाव घेतलंच पाहिजे.

कारोलिना 1914 साली जन्मली. काळी, गरीब, आजोबांच्या पिढीने गुलामगिरी भोगलेली. शाळा दोन वर्षं. साओ पाउलो शहरात, नदीकाठच्या झोपडपट्टीत तीन लेकरांसह एकटी राहायची आणि कागद, भंगार वेचून विकायची. कचऱ्यात ज्या वह्यांची पानं कोरी सापडत ती घरी आणायची आणि रात्री त्यांत रोजचं लिहायची. तिची छापलेली रोजनिशी सुरू होते 15 जुलै 1955 रोजी, मुलीच्या वाढदिवसाला. बूट घ्यायचे होते, पैसे नव्हते. कचऱ्यात एक जोड सापडला, तो धुतला, शिवला, आणि मुलीच्या पायात घातला. पुस्तकभर भूक आहे. आज काय मिळालं, किती किलो कागद, त्याचे किती पैसे, त्यात किती तांदूळ. बचत गटाची वही लिहिणाऱ्यांनो, हिशेब लिहिता लिहिता माणसाचं सगळं आयुष्य कसं उमटतं ते तिथे दिसतं.

1958 साली एक पत्रकार वस्तीवर आला होता. त्याने तिला शेजाऱ्यांना दम देताना ऐकलं, की माझ्या पुस्तकात तुमची नावं घालीन! कसलं पुस्तक, म्हणून त्याने विचारलं. 1960 साली ते छापलं गेलं. नावाचा अर्थ होतो 'अडगळीची खोली'. तिचं म्हणणं, शहर म्हणजे दिवाणखाना, आणि आम्हाला टाकलंय ती अडगळीची खोली. 10,000 प्रतींची पहिली आवृत्ती आठवड्याभरात संपली, आणि पुढे अनेक भाषांत भाषांतरं झाली. वस्ती सोडून जाताना मात्र शेजाऱ्यांनी तिच्या सामानाच्या गाडीवर दगड मारले. त्यांना विचारलं कोणी होतं, तुमच्याबद्दल लिहू का म्हणून? दगड मारणं वाईटच, पण त्यांचा राग अगदीच बिनबुडाचा नव्हता.

कारोलिना स्वतःला कवयित्री मानायची. लोकांना तिची फक्त भूक हवी होती, कविता नको होत्या. पुढची पुस्तकं चालली नाहीत. 1977 साली ती गेली तेव्हा पुन्हा हलाखीच होती. तिच्या कवितांचा संग्रह निघाला 1996 साली.

आणखी एकीचं नाव सांगून थांबतो. सेसिलिया मैरेलिश, रिओची. जन्मायच्या आधी वडील गेले, तीन वर्षांची असताना आई गेली, आजीने वाढवली. शाळामास्तरीण झाली, मुलांसाठी वाचनालय उभारलं, तीन मुली पदरात असताना नवऱ्याने जीव दिला. तिच्या कवितेत सगळं वाहून जाणारं, पाण्यासारखं, आणि तरी आवाज शांत. ही मात्र आपल्याकडे आली होती. 1953 साली गांधीजींवरच्या परिसंवादासाठी ती भारतात आली, दिल्ली विद्यापीठाने तिला मानद पदवी दिली, गोव्यालाही ती जाऊन आली. इथे फिरताना लिहिलेल्या कवितांचं तिचं एक वेगळं पुस्तकच आहे. त्यात ताजमहाल आहे, पण उकिडवं बसून जमीन झाडणारी एक बाईही आहे, कोवळ्या वयात म्हातारी झालेली. तिचं नाव कवितेत नाही.

तर सख्यांनो, येत्या मंगळवारी गटाच्या बैठकीनंतर आम्ही रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन समाजमंदिरात येतोय. ओवी असो, रोजनिशी असो, हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेलं काही असो, घेऊन या. लिहिता येत नसेल तर सांगा, आम्ही उतरवून घेऊ आणि तुम्हाला परत वाचून दाखवू. शेजारणीबद्दल असेल तर आधी तिला विचारून या. आणि स्वतःचं नाव सांगायचं नसेल तर दुसरं घ्या, फक्त गावात ज्याच्या चार जणी आहेत असं घेऊ नका.