विजेचा झटका आणि गांडुळाचे स्नायू
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गांडूळखत तयार झाले की प्रत्येकापुढे एकच प्रश्न उभा राहतो. खतातून गांडुळे वेगळी कशी करायची? हाताने निवडत बसायला मजूर मिळत नाहीत. अशा वेळी कोणीतरी सुचवते, "ओल्या मातीत विजेची तार खोचा, गांडुळे आपोआप वर येतील." वर येतात हे खरे, पण ती का येतात आणि पुढे त्यांचे काय होते, हे समजून घेतले तर तो मार्ग आपण धरणार नाही.

गांडुळाच्या अंगात हाड नसते. त्याचे शरीर म्हणजे पाणी भरलेल्या वलयांची माळ. कातडीखाली स्नायूंचे दोन थर असतात. बाहेरचा थर वर्तुळाकार. तो आखडला की गांडूळ बारीक आणि लांब होते. आतला थर लांबीच्या दिशेचा. तो आखडला की ते आखूड आणि जाड होते. हे दोन थर आळीपाळीने काम करतात म्हणूनच गांडूळ जमिनीत बिळे पाडते आणि त्या बिळांतून हवा-पाणी आपल्या पिकाच्या मुळांपर्यंत पोहोचते.

पोटाच्या बाजूने चेतारज्जू जातो. त्यात तीन जाड तंतू असतात. तोंडाकडे धक्का लागला तर मधला तंतू आणि शेपटीकडे लागला तर बाजूचे दोन तंतू क्षणात संदेश नेतात व गांडूळ झटकन आखडते. प्रयोगशाळेत विजेचा सौम्य झटका देऊन हेच पाहता येते. लागोपाठ दुसरा झटका दिला तर आखडण्याचा जोर कधी कधी वाढतो. मात्र झटके चालूच ठेवले तर तो कमी होत जातो आणि शेवटी हालचाल जवळजवळ थांबते. गंमत अशी की, जाड तंतू तेव्हाही संदेश नेत असतो. दमते ती पुढे स्नायूपर्यंत संदेश पोहोचवणारी साखळी. थोडी विश्रांती मिळाली तर ती पुन्हा सावरते.

मातीत तार खोचल्यावर विश्रांती कुठली? फार वेगाने झटके बसले तर स्नायूला सैल पडायला सवडच मिळत नाही; तो ताठ राहतो. गांडूळ अंगातून चिकट द्रव सोडते. ते ओलसर कातडीवाटेच श्वास घेते, त्यामुळे वर येऊन उन्हात सुकले की मरते. प्रवाह जोराचा असेल तर ते जागीच मरते. शिवाय ओल्या जमिनीत 230 व्होल्टची तार म्हणजे स्वतःच्या जिवाशी खेळ. तो कोणीही करू नये.

चीनमध्ये औषधासाठी गांडुळे विकता यावीत म्हणून शेतात यंत्राने वीज सोडून ती पकडण्याचे प्रकार फार वाढले. शेवटी 2023 सालच्या तेथील सरकारच्या शेतीविषयक धोरणपत्रात याविरुद्ध कडक कारवाई करण्यास सांगावे लागले.

आपला साधा उपाय असा आहे :

1. खत तयार झाल्यावर 4 ते 5 दिवस पाणी देणे बंद करावे.
2. नंतर गोणपाटावर किंवा प्लॅस्टिकच्या कागदावर उघड्या उजेडात खताचे शंकूसारखे ढीग करावेत.
3. गांडुळांना उजेड आवडत नाही. 2 ते 3 तासांत ती तळाशी जातात. वरचे खत हाताने हलकेच काढून घ्यावे. कुदळ, फावडे वापरू नये.
4. तळाशी जमलेली गांडुळे लगेच अर्धवट कुजलेल्या शेणाच्या नव्या वाफ्यात सोडावीत व वर ओले गोणपाट झाकावे.

बंधूंनो, गांडूळ हे फुकट राबणारे मजूर आहे. बैल दमला की आपण जू उतरवतो. मातीखालच्या या मजुराचे दमणे दिसत नाही, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करू नये, एवढीच विनंती.