परदेशातलं लेकरू घरी आणायचंय, तर आधी काय?

मी लिंबागणेशहून बोलतोय. बीड तालुक्यातलं, भालचंद्र गणपतीचं लिंबागणेश. आपण इथं नेहमी फॉर्म, दाखले, योजना यांवर बोलतो. आजचा विषयही कागदांचाच आहे, पण जरा नाजूक आहे. हेडफोन असेल तर लावा.

गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. तिथं एक ताई आल्या होत्या. त्यांना विचारूनच बोलतोय, आणि ओळख पटू नये म्हणून त्यांचं गाव आणि तो देश सांगत नाही. त्यांचा नवरा लग्नाआधी काही वर्षं बाहेरच्या देशात कामाला होता. परत आला, लग्न झालं, दोन लेकरं झाली. आता तिकडून मोबाइलवर एक फोटो आलाय. दहा वर्षांची मुलगी. खाली मेसेज, की ही तुमची मुलगी आहे, माझी तब्येत बरी नसते, काहीतरी करा. नवरा म्हणतो, असेलही, नसेलही. सासू म्हणते, नंबर ब्लॉक कर. आणि ताई मला विचारत होत्या, "दादा, तिला इकडं आणायचं म्हणलं तर कसं आणायचं? दत्तक घ्यावं लागंल का? लेकराचा काय दोष हाय त्यात?"

मी त्यांना जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो. यात चार प्रश्न आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. मूल खरंच त्याचं आहे का? मूल पाठवायचा अधिकार कुणाचा? भारताच्या कायद्यात ते मूल कोण? आणि सगळ्यात शेवटी, दत्तक लागतं का? आपल्याकडे सगळे शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतात आणि तिथंच अडकतात.

त्याचं कारण आपल्या सवयीत आहे. आमच्या बीड जिल्ह्यात दिवाळीच्या आसपास कोयते निघतात. नवरा-बायको ऊसतोडीला जातात, लेकरू आजीकडं राहतं, नाहीतर चुलतीकडं. कुणी बहिणीचं लेकरू मांडीवर घेतं. फार झालं तर बाँडवर चार ओळी लिहून घेतात. गावात एवढ्यावर भागतं, कारण शाळेचे गुरुजी ओळखीचे, सरपंच ओळखीचे. पण देशाची सीमा ओलांडताना समोरचा अधिकारी ओळखीचा नसतो. तो फक्त कागद ओळखतो.

'आधी आणू, मग कागद बघू' म्हटल्यावर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. एका जोडप्याला नात्यातलं बाळ दत्तक घ्यायचं होतं. बाळ बायकोच्या बहिणीचं, २०१९ मध्ये अमेरिकेत जन्मलेलं, म्हणून अमेरिकन नागरिक. काही महिन्यांचं असताना ते भारतात आलं आणि इथंच वाढलं. दत्तकाचं काम बघणारी केंद्रीय संस्था म्हणजे 'कारा'. कारानं नोंदणी करून घेतली नाही. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि जुलै २०२५ मध्ये निकाल लागला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: आपला बाल न्याय कायदा ज्या मुलांसाठी आहे, त्यात हे मूल बसत नाही. परदेशी मूल दत्तक घेणं हा मूलभूत हक्क नाही. आधी अमेरिकेच्या कायद्यानं तिथं दत्तक पूर्ण करा, मग मूल भारतात आणायची पुढची प्रक्रिया करा. घरात प्रेम होतं, नातं रक्ताचं होतं, मूल समोर खेळत होतं. तरी क्रम चुकला की गाडी परत पहिल्या स्टेशनावर.

पण ताईंचं प्रकरण यापेक्षा एका बाबतीत सोपं आहे. ती मुलगी नवऱ्याची असेल, तर तो तिचा बाप आहे. बापाला स्वतःचं लेकरू दत्तक घ्यावं लागत नाही. ते आपलं आहे हे दाखवावं लागतं. म्हणून आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ.

मूल त्याचं आहे का? मंडळी, डीएनए म्हटलं की आपल्याला खून आणि पोलीस आठवतात. पण या चाचणीचं पहिलंच खरं प्रकरण एका लेकराच्या इमिग्रेशनचं होतं. इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनए फिंगरप्रिंटिंग शोधलं. १९८५ मध्ये त्यांच्याकडे एक केस आली. घानाहून एक मुलगा इंग्लंडला आईकडे परत आला होता आणि अधिकाऱ्यांना संशय होता, की हा तिचा मुलगा नाही, भाचा असेल. बापाचा नमुना मिळत नव्हता. जेफ्रीज यांनी मुलाचा डीएनए आईशी आणि भावंडांशी ताडून पाहिला. मुलगा तिचाच निघाला. सरकारनं हरकत मागं घेतली आणि पोरगा आईजवळ राहिला.

आपल्याकडे मात्र न्यायालयं डीएनएच्या बाबतीत जपून पावलं टाकतात. लग्न कायम असताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच, असं आपला पुरावा कायदा धरून चालतो. आधी हे ११२ व्या कलमात होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ११६ व्या कलमात आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्यातल्या एका नवरा-बायकोच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं मुलाची डीएनए चाचणी करायला नकार दिला. मोठ्यांच्या भांडणात मुलाच्या जन्मावर सहज बोट ठेवता येणार नाही, हा त्यातला मुद्दा. म्हणून एक प्रश्न अवघड वाटला तरी विचारावाच लागतो: मूल झालं तेव्हा तिकडच्या बाईचं दुसऱ्या कुणाशी लग्न झालेलं होतं का? असेल, तर आधी तिकडच्या कायद्यात बाप कोण धरलाय ते बघावं लागेल.

नसेल, आणि दोघंही राजी असतील, तर चाचणी करून घ्या. पण घरी कापसाच्या बोळ्यानं नमुना घेऊन कुरिअर केलेली चाचणी मनाच्या समाधानापुरती. सरकारी कामासाठी नमुना देणाऱ्याची ओळख तपासून, साक्षीनं घेतलेला नमुना लागतो. अहवाल ज्या कार्यालयाला द्यायचाय, त्यांनाच आधी विचारा की कुठल्या लॅबचा चालेल. ताईंनी नवऱ्याला एवढंच सांगितलं: खात्री कर, पण खात्री होईपर्यंत फोन बंद करू नको. मला हे फार पटलं.

दुसरा प्रश्न. मूल पाठवायचा अधिकार कुणाचा? इथं बापमाणसांनी जरा कान देऊन ऐका. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाची नैसर्गिक पालक आपल्या १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातसुद्धा आधी आई असते, तिच्यानंतर बाप. तिकडच्या देशाचा कायदा वेगळा असेल, तो बघावाच लागेल. पण आईची लेखी, तिथल्या नियमानं केलेली संमती नसेल, तर डीएनएचा अहवाल हातात असूनही मूल विमानात बसवता येत नाही. बसवलंच, तर त्याला पळवून आणणं म्हणतील.

आता इथंच सासूबाईंच्या भीतीचंही बोलून घेऊ. ती भीती जमिनीची असते, तोंडानं कुणी म्हणत नाही एवढंच. लग्नच झालेलं नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानं अशा मुलाला बापाच्या मिळकतीत आपोआप वाटा येत नाही. रीतसर दत्तक झालं, की पोटच्या मुलासारखा हक्क येतो. पण पोटगीचं तसं नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६, कलम २०: मूल लग्नातलं असो वा लग्नाबाहेरचं, सज्ञान होईपर्यंत त्याला सांभाळायची जबाबदारी आई-बापाची. म्हणजे नंबर ब्लॉक केला तरी जबाबदारी ब्लॉक होत नाही. मुलगी इकडं येवो न येवो, तिच्या शाळेचा आणि जेवणाचा खर्च हा बापाच्या दयेचा विषय नाही.

तिसरा प्रश्न. भारताच्या कायद्यात ती कोण? नागरिकत्व कायदा १९५५ चा आहे. परदेशात जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील जन्माच्या वेळी भारतीय नागरिक असतील, तर वंशानं नागरिकत्व मिळू शकतं. पण ३ डिसेंबर २००४ पासून एक अट आहे. जन्माची नोंद एका वर्षाच्या आत तिथल्या भारतीय दूतावासात व्हायला हवी, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यायला हवं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. तुमच्या ओळखीचं कुणी आत्ता परदेशात असेल आणि बाळ झालं असेल, तर हे वाक्य त्यांना आजच फॉरवर्ड करा.

दहा वर्षांच्या मुलीचं ते वर्ष केव्हाच उलटलंय. मग दोन वाटा उरतात. एक, भारतीय नागरिकाचं अज्ञान मूल म्हणून नोंदणीनं नागरिकत्व मागायचं. ती सोय त्याच कायद्याच्या पाचव्या कलमात आहे. दुसरी, ओसीआय कार्ड. आई-वडिलांपैकी एक जरी भारतीय नागरिक असेल, तरी अज्ञान मुलाला ते मागता येतं. पाकिस्तान आणि बांगलादेशचे नागरिक मात्र त्यातून वगळलेत. ओसीआयवर मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. पण तिचं मूळ नागरिकत्व शाबूत राहतं. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून भारतीय नागरिकत्व घेतलं की तिकडचं एक दिवस सोडावं लागतं. ज्या मुलीची आई तिकडं आजारी आहे, तिच्यासाठी परतीचं दार उघडं ठेवणं ही छोटी गोष्ट नाही. माझं मत विचाराल तर घाईनं नागरिकत्व बदलू नका.

हे होईपर्यंत परदेशी पासपोर्टवर यायचं तर व्हिसा लागतो. भारतीय नागरिकाच्या मुलांसाठी एन्ट्री व्हिसा असतो. तो तिथल्या भारतीय दूतावासातून मिळतो, आणि बापाशी नातं दाखवणारा कागद लागतो, म्हणजे पुन्हा आपण पहिल्या प्रश्नावर आलो. लांबच्या मुक्कामाला नोंदणीचे नियम आहेत. ते काम आपल्याकडे जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षक कार्यालयातून चालतं.

आता चौथा, दत्तकाचा प्रश्न. बापाचं झालं, पण ताईंचं काय? मुलगी घरात आली, ताईंनी वेणी घातली, डबा भरला, तापात रात्रभर जागल्या. तरी कागदावर त्या तिच्या कुणी नाहीत. उद्या नवऱ्याचं बरंवाईट झालं, तर त्या मुलीसाठी सही करायचा हक्क ताईंना नाही. इथं दत्तक कामाला येतं. सावत्र आई किंवा सावत्र वडिलांनी जोडीदाराचं मूल दत्तक घ्यायची वेगळी तरतूद दत्तक नियमावलीत आहे. काराच्या पोर्टलवर नवरा-बायकोनं मिळून नोंदणी करायची, जन्मदात्यांची संमती जोडायची, आणि आदेश जिल्हाधिकारी देतात. १ सप्टेंबर २०२२ पासून हे काम न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे आलंय. मुलाच्या वयाप्रमाणे त्याची इच्छाही विचारात घ्यावी लागते, असं कायदाच सांगतो. मुलगी परदेशी नागरिक असेल, तर मघाचा उच्च न्यायालयाचा निकाल समोर ठेवून वकिलाला विचारा, की दत्तक आधी तिकडं करायचं का.

वकील परवडत नाही? बीडला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिलांना आणि मुलांना तिथं मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्नाची अट न लावता. दत्तकाची माहिती जिल्हा बाल संरक्षण कक्षातही मिळते.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा. ताईंना एका एजंटनं सांगितलं होतं, "जन्मदाखल्यावर आई म्हणून तुमचंच नाव टाकून आणतो, सगळं एका झटक्यात." झटका बसतो, पण नंतर. तो खोटा दाखला पासपोर्टला, शाळेला, नोकरीला, प्रत्येक ठिकाणी त्या पोरीच्या मागं लागेल. शिवाय तिची खरी आई कागदावरून पुसून टाकायचा हक्क कुणालाच नाही. आणि लेकरासाठी कुणी पैसे मागत असेल, तर मुलाची खरेदी-विक्री हा बाल न्याय कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

शेवटी एक बोलतो, ते कुठल्या फॉर्ममध्ये नाही. आपण सारखं 'आणायचं' म्हणतो, जणू पार्सल आहे. दहा वर्षांच्या लेकराला भाषा असते, मैत्रिणी असतात, आई असते. इथली मराठी तिला येत नाही, आपल्या भाकरीची चव तिला माहीत नाही. म्हणून आधी व्हिडिओ कॉल करा, नावं सांगा, घर दाखवा. जमलं तर बापानं एकदा तिकडं जाऊन यावं. मग सुट्टीत तिला महिनाभर येऊ द्या. आणि एक दिवस तिलाच विचारा, तुला कुठं राहायचंय? तिचं उत्तर 'इथं नाही' असं आलं, तरी बापाची जबाबदारी संपत नाही आणि नातंही तुटत नाही.

तर लिहून घ्या: आधी खात्री, मग आईची संमती, मग नागरिकत्व आणि व्हिसा, शेवटी दत्तक. क्रम मोडू नका. तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर हा भाग त्यांना पाठवा, पण ग्रुपवर नाव घेऊन चर्चा करू नका. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, रामराम.