जमीन संपादनाची नोटीस येण्यापूर्वी



आपल्या वैभववाडी तालुक्याला भूसंपादन नवे नाही. कोकण रेल्वेसाठी जमिनी गेल्या, अरुणा मध्यम प्रकल्पासाठी आखवणे-भोम गेले. २०१९ च्या पावसाळ्यात धरणात पाणी चढले, तेव्हा तिथली घरे बुडाली. प्रकल्प हवा की नको, हा आजचा विषय नाही. जमीन जाणारच असेल, तर आपल्या हाती काय राहते तेवढेच सांगतो.

शासन जमीन दोन रीतींनी घेते. पहिली वाटाघाटीने थेट खरेदी. तिच्यासाठी २०१५ साली शासनाने कायद्याने होणाऱ्या मोबदल्यावर २५ टक्के जादा देण्याचे ठरवले. पैसे लवकर मिळतात. पण एकदा खरेदीखतावर सही झाली की वाढीव मोबदला मागता येत नाही. शिवाय सर्व सहहिस्सेदारांची संमती लागते. आपल्याकडे एकेका सातबारावर वीस-वीस नावे, निम्मी मुंबईला, काही तर केव्हाच वारलेली! संमती व्हायची कशी?

मग येते सक्तीचे संपादन. १८९४ चा कायदा जाऊन २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. प्राथमिक अधिसूचनेनंतर ६० दिवसांत लेखी हरकत घेता येते; राष्ट्रीय महामार्गासाठी मुदत अवघी २१ दिवसांची. हिस्सेदारांत वाद असला तरी संपादन थांबत नाही. रक्कम प्राधिकरणाकडे जमा होते, जमीन मात्र जाते.

आता झाडांकडे वळू. आपल्या वरकस जमिनीला दर तो कितीसा? खरी किंमत काजू, आंबा, फणस आणि माणग्याच्या बेटांची. झाडांची किंमत जमिनीच्या किमतीत मिळवतात आणि एकूण रकमेवर १०० टक्के दिलासा रक्कम देतात. म्हणजे मोजणीत एक काजू सुटला, तर तोटा दुप्पट. कलमांची नोंद ई-पीक पाहणीत आजच करा. संयुक्त मोजणीला स्वतः हजर राहा, झाडे वयासह लिहून घ्या, पंचनाम्याची नक्कल मागा. कोऱ्या रकान्याखाली सही नको.

निवाड्याची रक्कम कमी वाटली, तर ती ‘हरकत राखून’ असे लिहूनच स्वीकारा. नाहीतर दाद मागण्याचा हक्क जातो. निवाड्याच्या वेळी हजर असणाऱ्याने सहा आठवड्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

गणपतीला चाकरमानी गावी येतील, तेव्हा आरतीनंतर सातबारा मध्ये ठेवून बसा. मृत खातेदारांचे दाखले जमवा आणि मंडळी परतण्यापूर्वी वारस नोंदीचा अर्ज तलाठी म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्या.