आयर्न सलाईनमधून घ्यायचं का? माझं कसं ठरलं

आजचा एपिसोड छोटा आहे, आणि जरा पर्सनल.

गेल्या वर्षी ऑफिसचे दोन जिने चढले की मला धाप लागायची. वाटायचं, रात्रीचे क्लायंट कॉल, झोप कमी, चालायचंच. मग रिपोर्ट आला: हिमोग्लोबिन 8.9, फेरिटिन 6. बायकांचं हिमोग्लोबिन 12च्या खाली गेलं की ॲनिमिया. फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा. तो 15च्या खाली म्हणजे कोठार रिकामं.

गोळ्यांनी मळमळायचं, पोट साफ व्हायचं नाही. दहा दिवसांत बंद केल्या. मैत्रीण म्हणाली, "सलाईनमधून घे, एका दिवसात मोकळी." तेच मागायला मी डॉक्टरांकडे गेले.

मॅडमनी विचारलं, "गोळी चहाबरोबर घ्यायचीस?" हो. "पाळीत पॅड किती लागतात?" दर दीड तासाला एक, सात दिवस. मला ते नॉर्मलच वाटायचं. आईचंही तसंच होतं ना!

सोनोग्राफीत फायब्रॉइड निघाला. मॅडम म्हणाल्या, "टाकी भरतेस, पण खालचा नळ उघडाच आहे."

आधी गोळीला नीट संधी दिली: एक दिवसाआड, चहापासून लांब. रोज घेतली तर शरीरच दुसऱ्या दिवशी लोह कमी शोषतं. सोबत रक्तस्राव कमी करायचं औषध. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन 9.1. निदान एकाने तरी वाढायला हवं होतं. तेव्हा सलाईन ठरलं.

गोळी सोसत नाही, आतड्यांत शोषली जात नाही, किंवा रक्त जातंय त्या वेगाने भरून निघत नाही, तेव्हा सलाईनचा विचार होतो. जोखीमही समजून घेतली. क्वचित गंभीर ॲलर्जी होते, म्हणून ते दवाखान्यातच घ्यायचं आणि नंतर अर्धा तास थांबायचं. औषध शिरेबाहेर गेलं तर तपकिरी डाग राहतो. काही प्रकारांनी फॉस्फेट उतरतं. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत देत नाहीत, अंगात इन्फेक्शन असेल तर थांबतात.

आठवड्याच्या अंतराने दोन डोस घेतले. महिन्याने 11.4. जिने चढते आता. पण नळाचं काम, म्हणजे फायब्रॉइडचे उपचार, अजून चालू आहेत.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आम्हाला कुणी विचारलंच नाही गं."

म्हणून तुम्हाला विचारते: सलाईन की गोळी, हे नंतर. रक्त जातंय कुठे, ते तपासलंत का?

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.