नेम धरणे आणि नेम पाळणे

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



दरवर्षी मी या मंडपात असतो, पण स्टेजच्या मागे. वायरी ओढणे, खुर्च्या मोजणे आणि ऐन आरतीत जनरेटर रुसला की त्याची समजूत काढणे ही माझी कामे. यंदा सचिवांनी मला गाठले आणि म्हणाले, "रविवारी सकाळी खांद्याला ती लांबलचक पिशवी अडकवून तुम्ही कुठे जाता, ते एकदा सगळ्यांना सांगा. लोक आम्हाला विचारतात." म्हणून आज स्टेजच्या पुढे उभा आहे. रेल्वेचा माणूस आहे. गाडी थोडी लेट झाली तर 'असुविधा के लिए खेद है' असे समजून घ्यावे.

मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, फलटण तालुक्यातला. कराडला सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि रेल्वेत लागलो. तेव्हापासून रूळ, खडी आणि स्लीपर हाच माझा संसार. लहानपणी उसाच्या वाढ्यांचे बाण करून गावातल्या कोंबड्या पळवल्या, एवढाच काय तो धनुर्विद्येशी संबंध. पुढे चाळिशी जवळ येईपर्यंत त्याची आठवणही झाली नाही.

२०१८ च्या मे महिन्यात मुलीला सुट्टीच्या शिबिरात तिरंदाजीला घातले. तिला सोडायचे आणि तासभर कट्ट्यावर बसून पेपर वाचायचा, असा क्रम. आठवडाभराने तिथल्या प्रशिक्षकांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "सर, नीवू ओंदु सल ट्राय माडी!" एकदा तुम्हीही करून पाहा. मी बांबूचे धनुष्य हातात घेतले, ताणले आणि सोडले. बाण टारगेटच्या बराच अलीकडे जमिनीत घुसला आणि प्रत्यंचेचा फटका माझ्या डाव्या हाताला असा बसला, की चार दिवस निळे वळ घेऊन ऑफिसला गेलो. मुले हसली. मुलगीही हसली. पंधरा दिवसांनी शिबिर संपले, मुलगी नाचाच्या क्लासला गेली आणि मी मात्र तिथेच राहिलो.

आता हा खेळ काय आहे ते थोडे सांगतो. ऑलिंपिकमध्ये टारगेट ७० मीटरवर असते. त्याचा व्यास १२२ सेंटीमीटर, आणि मधल्या दहा गुणांच्या पिवळ्या वर्तुळाचा व्यास फक्त १२.२ सेंटीमीटर. आपल्या घरातल्या वाटीला बशी झाकली तर त्या बशीएवढा. पात्रता फेरीत असे ७२ बाण मारायचे, म्हणजे जास्तीत जास्त ७२० गुण. हे धनुष्य रिकर्व्ह, टोके पुढे वळलेली. दुसरा प्रकार कंपाउंड. त्याला कप्प्या असतात आणि तो ५० मीटरवर खेळतात. तिसरा आपला 'इंडियन राउंड'. त्यात बांबूचे धनुष्य, नेम धरायला यंत्र नाही, अंतर ३० आणि ५० मीटर. परदेशी रिकर्व्हचा चांगला संच लाखाच्या पुढे जातो. त्यामुळे गावाकडची कितीतरी मुले बांबूवरच हात बसवतात. मीही तिथूनच सुरुवात केली.

एक गंमत सांगतो. एकलव्याने अंगठा दिला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पण आज स्पर्धेत रिकर्व्ह धनुष्य ओढताना अंगठा प्रत्यंचेला लावतच नाहीत. तर्जनी बाणाच्या वर, दोन बोटे खाली. म्हणजे आजच्या पद्धतीने एकलव्य अंगठ्याशिवायही खेळला असता! हे कळले तेव्हा मला बरे वाटले आणि वाईटही वाटले.

आता थोडे इंजिनियरचे गणित. रिकर्व्हला नेम धरायची छोटी कडी डोळ्यापासून साधारण ९० सेंटीमीटरवर असते. ती एक मिलिमीटर हलली, तर ७० मीटरवर बाण जवळजवळ पावणेआठ सेंटीमीटर सरकतो. टारगेटवरचे एकेक वर्तुळ ६.१ सेंटीमीटर रुंद. म्हणजे हातापाशी एक मिलिमीटरची चूक आणि तिकडे एका गुणाहून जास्त नुकसान. रुळांच्या कामातही आम्ही मिलिमीटरच मोजतो, त्यामुळे हा हिशोब मला पहिल्याच दिवशी पटला. हात मात्र अजून पटवून घेतो आहे.

शिबिरात माझ्यासारखेच मागे राहिलेले आणखी तिघे भेटले. एक बँकेतला, एक दातांचा डॉक्टर, एक सॉफ्टवेअरवाला. दोघे कन्नड, एक तमिळ आणि मी. चौघांची भाषा म्हणजे इंग्रजी-कन्नड-हिंदीची मिसळ आणि तर्री मराठीची. वर्षभराने आम्ही एका खुल्या स्पर्धेत नावे दिली. ३० मीटरवर ३६ बाण, ३६० पैकी गुण. मला मिळाले १४१. शेजारच्या टारगेटवर बारा वर्षांचा एक मुलगा होता. त्याने माझे बाण मोजायला मदत केली आणि निघताना धीर दिला, "अंकल, नेक्स्ट टाइम." घरी सौ. ने विचारले, "कितवे आलात?" मी म्हणालो, "शेवटून दुसरा." ती म्हणाली, "म्हणजे एकजण तरी मागे आहे ना!" असा पाठिंबा असल्यावर माणूस खेळ सोडेल कसा?

आता जे सांगणार आहे, ते मी आजवर चारचौघांत सांगितलेले नाही. मुलांनी नीट ऐकावे, आणि मोठ्यांनीही.

त्याच वर्षीचा उन्हाळा. बँकवाल्या मित्राचे मागडी रस्त्याकडे थोडे शेत आहे. नाचणी काढून झाली होती, रान मोकळे. आम्ही गाडीत पेंढ्याचे टारगेट टाकून तिथे गेलो. टारगेटच्या मागे बांध, बांधावर झुडपे. पलीकडे काय आहे, हे कुणी जाऊन पाहिले नाही. आम्ही चौघे शहाणे पन्नास मीटरवर उभे राहिलो आणि पैजा लावू लागलो. माझा एक बाण टारगेटच्या वरून बांधापलीकडे गेला. सगळे हसले. मी दुसरा बाण लावला. ओढणार, तेवढ्यात झुडपातून आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा बाहेर आला. त्याच्या हातात माझा पहिला बाण होता. हसतमुखाने विचारतो, "अण्णा, इदु निम्दा?" हा तुमचाच का?

बांधाच्या पलीकडे पाऊलवाट होती. तो शेळ्या घेऊन चालला होता. बाण त्याच्या पुढे दहा पावलांवर पडला होता. त्याला ती मजा वाटली होती.

माझे हातपाय गार पडले. मित्र म्हणाले, "काही झाले नाही ना, सोड." पण मंडळी, मी रुळांवर काम करणारा माणूस. त्याच आठवड्यात मी एका कामगाराला चांगलेच फैलावर घेतले होते, कारण रूळ उघडण्याआधी त्याने झेंडी नीट लावली नव्हती. आमच्याकडे नियम आहे. ब्रॉडगेजवर रूळ धोक्याचा असेल, तर ६०० मीटरवर लाल बॅनर झेंडी आणि १२०० मीटरवर पटाखे. गाडी येणार नाही हे माहीत असले तरी लावायचे. 'काही झाले नाही' हे वाक्य आमच्या खात्यात चालत नाही. काही झाले नाही, ते नशिबाने. त्यात आपले कर्तृत्व शून्य. आणि तोच मी, रविवारी टी-शर्ट घातल्याबरोबर सगळे नियम घरी ठेवून आलो होतो.

आम्ही त्या मुलाबरोबर त्याच्या घरी गेलो. वडिलांना घडले ते जसेच्या तसे सांगितले. ते खूप बोलले. मान खाली घालून ऐकून घेतले. ऐकण्यासारखेच होते. निघताना त्यांच्या आईने आम्हाला ताक दिले. ते घशाखाली उतरेना.

तीन महिने मी धनुष्याला हात लावला नाही. पिशवी माळ्यावर टाकली. शेवटी प्रशिक्षकांकडे गेलो आणि सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "महिनाभर बाण मारायचा नाही. फक्त ही वाजवायची."

मैदानावर शिट्टीची भाषा असते. दोन शिट्ट्या म्हणजे रेषेवर या. एक म्हणजे मारा. तीन म्हणजे धनुष्य खाली, बाण आणायला चला. धोका दिसला की लागोपाठ शिट्ट्या आणि सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचे. ऑलिंपिकचा खेळाडू असो की शिबिरातले पोर, शिट्टीपुढे सगळे सारखे. महिनाभर मी लहान मुलांसाठी ती वाजवत उभा राहिलो. या खेळात मी जे काही शिकलो, त्यातले बरेचसे त्या महिन्यात शिकलो.

आता आम्ही चौघे कुठेही गेलो तरी आधी टारगेटच्या मागे चालत जाऊन पाहतो. मागे उंच मातीचा बांध नसेल तर धनुष्य गाडीतून काढतच नाही. वाटेच्या दोन्ही तोंडांना लाल कापड. आणि चौघांपैकी एकजण बाण मारत नाही, तो शिट्टी घेऊन उभा. मित्र चेष्टेने म्हणतात, "साहेबांनी ब्लॉक घेतला." घेतला तर घेतला!

आपल्या मराठीत 'नेम' शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक, नेम धरणे. दुसरा, नेम पाळणे, म्हणजे व्रत किंवा नियम. पहिला नेम चुकला तर गुण जातात. दुसरा चुकला तर काय जाऊ शकते, हे मी त्या मुलाच्या हातातल्या बाणाकडे पाहून शिकलो.

असो. मंडळी गंभीर झाली. आता प्रवासाचे सांगतो.

२०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला आमच्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव खेळला. मोलमजुरी करणाऱ्या घरातला मुलगा. शाळेतले शिक्षक विकास भुजबळ यांनी त्याला खेळाकडे वळवले, पुढे क्रीडा प्रबोधिनीत तो तिरंदाजी शिकला आणि सैन्यात गेला. पात्रता फेरीत त्याने ७२० पैकी ६५६ गुण मिळवले, म्हणजे ७२ बाणांची सरासरी नऊच्या वर. त्या दिवशी ऑफिसात मी इतक्या वेळा 'आमच्या तालुक्यातला' म्हणालो, की साहेबांनी विचारले, "तुम्हीच शिकवले की काय?"

पुढच्या मे महिन्यात आम्ही चौघे गाडीने साताऱ्याकडे निघालो. धनुष्ये डिकीत. क्यातसंद्र्याला तट्टे इडली, दावणगेरेला बेण्णे दोसा, असा खेळाडूंना अजिबात न शोभणारा आहार! वाटेत एका नाक्यावर पोलिसांनी डिकी उघडायला लावली. बाण पाहून ते चमकले. डॉक्टर म्हणाले, "स्पोर्ट्स, सर." पोलिसाने आमच्या पोटांकडे पाहिले आणि विचारले, "यारु आडोदु?" खेळतो कोण? आम्ही चौघे गप्प.

वाट वाकडी करून चन्नगिरी तालुक्यात होदिगेरेला गेलो. १६६४ च्या जानेवारीत शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचा अंत झाला. तिथे त्यांची समाधी आहे. ज्या बेंगळुरूत आपण आज उत्सव करतो, ते त्यांच्या जहागिरीचे गाव. आसपास शांत रान, वारा. माझ्या कन्नड मित्रांनीही चपला काढून नमस्कार केला. आपल्यापैकी जे गेले नसतील त्यांनी एकदा जरूर जावे.

साताऱ्यात शिरताना मित्रांना सांगितले, "या मातीत काहीतरी आहे." ते हसले. पण २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंडमध्ये विश्वविजेती झाली. त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मिळवून सुवर्णपदक घेतले. पंधरा बाण, पंधराही दहात! त्या रात्री तिघांचेही फोन आले. सॉफ्टवेअरवाला म्हणाला, "तुझी माती खरी रे, पण तुझ्या वाट्याला एवढीच का आली?" २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा प्रथमच होणार आहे. तेव्हा ही नावे लक्षात ठेवा.

माझे काय? गेल्या स्पर्धेत ३६० पैकी २०३ आले. बाणाला साडेपाचची सरासरी. पदक नाही, मिळेल असेही वाटत नाही. पण आठवड्यातून दोन सकाळी मैदानावर उभा राहतो. श्वास, खांदा, बोटे, एवढेच ध्यानात असते. फोन पिशवीत. परत येतो तेव्हा ट्रॅफिक तोच असतो, आपण जरा वेगळे असतो.

जाता जाता एकच. त्या मुलाचे घर आम्ही विसरलो नाही. दर उन्हाळ्यात तिकडे चक्कर होते. आता तो चांगला उंच झाला आहे. मागच्या वर्षी त्याने विचारले, "अण्णा, मीही मारू का?" मी धनुष्य दिले नाही. आधी शिट्टी दिली. तो महिनाभर वाजवेल, मग बघू.

 मागे जनरेटर कुरकुरतो आहे, मला जायला हवे.

गणपती बाप्पा मोरया!